चिऊताईचे दार आणि मुक्ताईची ताटी

मराठी घरातील मुलाच्या कानावर पडणारी पहिली गोष्ट बहुधा चिऊ-काऊची असते. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून जाते, चिमणीचे मेणाचे घर टिकते आणि भिजलेला, कुडकुडणारा कावळा तिच्या दारात येऊन उभा राहतो. चिमणी आतून त्याला थांबायला सांगते. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, अंग पुसायचे आहे, काजळ-तीट लावायची आहे, निजवायचे आहे. कावळा पावसात उभाच. पुढे काय होते, याचे घरोघरी वेगळे पाठ आहेत. कुठे दार उघडते, पण कावळ्याला ऊब घ्यायला बसवतात ते तापलेल्या तव्यावर. कुठे कावळा आत शिरून खोडी काढतो आणि मार खातो. कुठे दार उघडण्यापूर्वीच ऐकणारे मूल झोपी जाते. गंमत अशी की, कावळ्याचा मूळ अपराध कोणता, हे बहुतेक पाठांत सांगितलेलेच नसते. तो काळा आहे, कर्कश आहे आणि त्याचे घर शेणाचे आहे, एवढाच त्याचा गुन्हा! तरीही पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ही गोष्ट मिटक्या मारीत ऐकली आणि चिमणीच्या बाजूने ऐकली.

याच भाषेत दुसरेही एक बंद दार आहे. तेराव्या शतकातील चार भावंडांचे. संन्याशाची पोरे म्हणून ज्यांना समाजाने वाळीत टाकले, ज्यांच्या आईवडिलांना प्रायश्चित्त म्हणून देहत्याग करावा लागला आणि ज्यांना शुद्धिपत्रासाठी आळंदीहून पैठणची वाट धरावी लागली, अशी परंपरा सांगते, त्या निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई यांचे. लोकांच्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानदेव एके दिवशी झोपडीची ताटी लावून आत बसले. दाराबाहेर उभी राहिली ती सर्वांत धाकटी मुक्ताई. परंपरेने दिलेली जन्मसाले मानली तर ती ज्ञानदेवांहून चार वर्षांनी लहान. तिने भावाला ताटी उघडण्यासाठी केलेली विनवणी म्हणजेच ताटीचे अभंग. जग आगीसारखे झाले तर संतांनी पाणी व्हावे, दुसऱ्याच्या शब्दांचे घाव सोसावेत, आपलीच जीभ आपल्या दाताखाली सापडली म्हणून कोणी दात पाडून टाकीत नाही, असा त्या अभंगांचा आशय आहे.

मराठीतील क्षमेची सर्वांत थोर कविता एका लहान मुलीच्या तोंडी आहे, ही गोष्ट आपण पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही. कीर्तनकार ती सांगतात, अभ्यासक तिच्यावर लिहितात. पण बालकवितेचा विचार करताना कोणालाही मुक्ताई आठवत नाही. वास्तविक या अभंगांचे सारे बळ बोलणाऱ्या व्यक्तीच्या वयात आहे. निवृत्तिनाथांनी हाच उपदेश केला असता तर तो गुरूचा उपदेश ठरला असता. धाकट्या बहिणीने केला म्हणून तो हट्ट झाला, लाड झाला आणि उपदेशही झाला. शिवाय ज्यांनी अपराध केला त्या समाजाने क्षमा मागितलेलीच नाही. तरीही ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच मनातली आग विझवायची, कारण तो आत कोंडून बसला तर नुकसान सगळ्यांचेच आहे, हे त्या पोरीला कळते.

बालवाङ्मयातील क्षमायाचना आणि क्षमा या विषयाकडे पाहायचे ते या दोन दारांच्या मधे उभे राहून. कारण मुलांसाठी लिहिणाऱ्या मराठी कवींनी गेल्या शतकात खूप काही दिले, पण अपराधी झालेल्या मुलाला, आणि त्याहूनही अपराधी झालेल्या मोठ्या माणसाला, परत येण्यासाठी दार क्वचितच उघडून दिले आहे.

आपल्या भाषेचा मूळ पिंड मात्र तसा नाही. ‘माफी’ हा शब्द अरबीतून आला, ‘दिलगिरी’ फारसीतून आली आणि ती पत्रव्यवहारात, सरकारी खुलाशांत स्थिरावली. ‘क्षमा’ संस्कृत, देवापुढे आणि व्यासपीठावर शोभणारी. घरात, ओसरीवर, बांधावर मराठी माणूस काय म्हणत आला? ‘चुकलो’, ‘पदरात घ्या’, ‘पोटात घाला’. अपराध पोटात घालण्याची ही प्रतिमा किती विलक्षण आहे! अपराध पुसायचा नाही, विसरायचा नाही, नाकारायचाही नाही. तो आपल्या पोटात घेऊन जिरवायचा. हे काम आईचे. पदरही आईचाच. आणि दुसरीकडे, व्यापाराच्या रोखठोक जगातही जुन्या बिलांच्या आणि हिशेबांच्या तळाशी चार अक्षरे असत, ‘चू. भू. द्या. घ्या.’ चूकभूल द्यावी घ्यावी. वाण्याचे हे बोधवाक्य एखाद्या नीतिग्रंथाला शोभावे असे आहे. चूक माझी असू शकते, तशी तुमचीही असू शकते. देणेघेणे दोन्ही बाजूंनी आहे, हे हिशेब लिहिणाऱ्याने आधीच मान्य केलेले आहे. मुलांच्या कवितेत नेमके हे ‘घ्यावी’ राहून गेले. तिथे चूक फक्त मुलाची.

परंपरेने मुलाला क्षमा मागायला कशी शिकवली, ते पाहण्यासारखे आहे. सकाळी अंथरुणातून उठून जमिनीवर पाऊल टाकण्यापूर्वी भूमीला वंदन करणारा श्लोक अजूनही अनेक घरांत आणि बालसंस्कार वर्गांत शिकवला जातो. त्यात मूल पृथ्वीला सांगते की, आता माझा पाय तुला लागणार आहे, तेवढे क्षमा कर. अपराध घडण्यापूर्वीच मागितलेली ही क्षमा. चालायचे तर पाय लागणारच. जगायचे तर कोणाला तरी भार होणारच. म्हणून क्षमा मागायची ती भीतीपोटी नव्हे, भान म्हणून. संस्कृतात ‘क्षमा’ या शब्दाचा एक अर्थ पृथ्वी असाच आहे, हे पाचव्या वर्षी कळण्याची गरज नाही. पुस्तकाला पाय लागला की हात लावून कपाळाला नेणे, हाही त्याच पाठाचा दुसरा धडा. त्यात एकही शब्द उच्चारावा लागत नाही. हात वाकतो, मान वाकते आणि काम होते. मुलाला शब्दाआधी कृती कळते, हे बालमानसशास्त्राचे ग्रंथ लिहिले जाण्यापूर्वी आपल्या आज्यांना ठाऊक होते.

दुसरा धडा गोकुळातला. भारतीय कवितेने सर्वांत अधिक लाडावलेले मूल कोणते, तर कृष्ण. आणि तो सराईत चोर! गवळणींनी, पदांनी, अभंगांनी त्याच्या लोणीचोरीचे कौतुक शतकानुशतके केले. तो क्षमा मागत नाही. उलट कांगावा करतो, दुसऱ्यावर ढकलतो, तोंड पुसून उभा राहतो. कडक शिस्तीच्या गुरुजींना हे पचणार नाही. पण भागवताच्या दशम स्कंधातील प्रसंग नीट वाचावा. यशोदा काठी घेऊन त्याच्यामागे धावते, दमते, अखेर त्याला पकडते. तो रडतो आहे, काजळ पसरले आहे, डोळ्यांत भय आहे. ते भय दिसताच ती हातातली काठी टाकून देते. मग दाव्याने बांधायला जाते, तर दावे दरवेळी दोन अंगुळे कमी पडते. भाष्यकारांनी त्या दोन अंगुळांवर भक्तीचे केवढे तरी तत्त्वज्ञान उभे केले. परंतु साध्या आईसाठी त्या कथेतील महत्त्वाची गोष्ट ती टाकलेली काठी आहे. मुलाने क्षमा मागण्यापूर्वीच, त्याच्या डोळ्यांतील भीती पाहून, आईला आपली काठी जड झाली. क्षमेचा आरंभ कुणी केला, याचे उत्तर या कथेत असे आहे.

तिन्हीसांजेला देवापुढे बसून म्हटल्या जाणाऱ्या पाठांत समर्थांची करुणाष्टके असत आणि मनाचे श्लोक असत. करुणाष्टकांमुळे ‘अनुताप’ हा शब्द अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी मुलांच्या जिभेवर आला. मनाच्या २०५ श्लोकांची रचनाही विचार करण्यासारखी आहे. त्यात समर्थ दुसऱ्या कोणाला दटावत नाहीत, मनाशीच बोलतात. स्वतःशी बोलण्याची ही सवय म्हणजे पश्चात्तापाची पूर्वतयारीच. आज या श्लोकांच्या पाठांतर स्पर्धा ठिकठिकाणी होतात, त्यांना गर्दीही होते. त्याबद्दल समाधान मानावे. पण घड्याळ लावून, धापा टाकीत म्हटलेले श्लोक मनाशी बोलतात की परीक्षकांशी, हा प्रश्न आयोजकांनी स्वतःला विचारायला हरकत नाही.

छापील बालवाङ्मय आले तेव्हा चित्र पालटले. शाळा आली, क्रमिक पुस्तक आले, १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केले आणि मराठी मुलांना त्यांचे स्वतःचे असे वाचन मिळाले. त्या काळाचे ऋण मोठे आहे. पण क्षमेच्या बाबतीत त्या काळातील पद्याचा एक ठरीव साचा बनला होता, हेही मान्य करायला हवे. पहिल्या कडव्यात खोडकर बाळू, दुसऱ्यात त्याचा प्रताप, तिसऱ्यात फजिती आणि शेवटच्या कडव्यात कान धरून दिलेले वचन. अशा पद्यात पश्चात्ताप हा यमकासारखा येतो. शेवटी तो येणारच, हे पहिल्या ओळीपासून ठाऊक असते. मुलांना तो खरा वाटत नसे आणि लिहिणाऱ्यालाही बहुधा वाटत नसावा.

अपवाद होते आणि ते मोठे होते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता कितीतरी पिढ्यांनी शाळेत वाचली. घायाळ झालेली पक्षीण पडत-उठत घरट्याकडे जाते, पिलांसाठी आणलेला शेवटचा घास त्यांच्यापुढे ठेवते आणि प्राण सोडते. मारणारा समोर येत नाही, त्याला शिक्षा होत नाही, तो क्षमाही मागत नाही. तरीही ती कविता वाचून गलोल खाली ठेवलेल्या हातांची मोजदाद कोण करणार? वर्गातील प्रत्येक मुलाला वाटत असे की, दगड आपल्याच हातून सुटला आहे. उपदेशाचे एकही कडवे न लिहिता अपराधाची जाणीव थेट काळजात उतरवणारी ही किमया. टिळकांनी मुलांना दटावले नाही, त्यांच्यावर विश्वास टाकला.

दुसरा अपवाद गद्यातला आहे, पण त्याच्यावाचून या विषयाला पुढे जाताच येत नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ म्हणजे एका अर्थाने कबुलीजबाबांचे पुस्तक. श्याम तिथे आपल्या यशाच्या कहाण्या सांगत नाही. कुठे चुकलो, कुठे भ्यालो, कुठे हट्ट केला, हे सांगतो. त्यातील एका रात्रीचे नावच ‘क्षमेविषयी प्रार्थना’ असे आहे. गुरुजींवर अश्रूंच्या अतिरेकाचा आरोप पुष्कळ झाला आणि तो अगदीच निराधार नाही. पण एक प्रौढ पुरुष आश्रमातील सोबत्यांसमोर बसून आपल्या लहानपणच्या चुका एकेक करून उघड्या करतो, ही त्या पुस्तकाची मांडणी मराठी मुलांना जे शिकवून गेली, ते शेकडो सुभाषितांना जमले नाही. मोठी माणसेही कधी चुकतात आणि ते बोलून दाखवतात, हे मुलांना प्रथमच कळले.

त्यानंतर आली विंदा करंदीकर आणि मंगेश पाडगावकर यांची बहारदार पिढी. १९६१ साली विंदांचा ‘राणीची बाग’ आला, १९६३ साली ‘एटू लोकांचा देश’ आला आणि मराठी बालकवितेच्या मानगुटीवरची छडी एकदाची खाली पडली. भुते, पऱ्या, राक्षस, उफराटी गणिते, गमतीदार देश यांनी मुलांचे जग भरून गेले. पाडगावकरांनी शब्दांना नाचायला लावले. गदिमांनी मोर नाचवला. शांता शेळके, इंदिरा संत यांनी चिमण्यांना आणि गवतफुलांना बोलके केले. १९७१ साली ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक निघाले आणि हे वैभव खेड्यापाड्यांत पोहोचले. तात्पर्याच्या तावडीतून मुलांची सुटका झाली, हे उत्तमच झाले. त्या सुटकेबद्दल कुरकुर करणारे लोक तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांच्या सुरात सूर मिसळण्याचे कारण नाही.

मात्र घर झाडताना तात्पर्याबरोबर आणखी एक गोष्ट केरात गेली. मुलाच्या मनातील काळोख गेला. मूल हसते, नाचते, प्रश्न विचारते, कल्पना करते. तसेच ते खोटे बोलते, मित्राची पेन्सिल खिशात घालते, धाकट्या भावाला चिमटा काढते, आजीचा चष्मा फोडून तो कपाटामागे सरकवते आणि मग रात्री पांघरुणात डोळे उघडे ठेवून पडून राहते. त्या जागरणाची कविता कुठे आहे? बाबांची चप्पल दारात वाजली की पोटात येणाऱ्या गोळ्याची कविता कुठे आहे? ज्याच्याशी वाईट वागलो तो मित्र दुसऱ्या दिवशी शाळेत आलाच नाही, त्या रिकाम्या बाकाची कविता कुठे आहे? निखळ आनंदाची बालकविता मराठीत भरघोस आहे. अपराधी मनाची बालकविता शोधावी लागते. जणू उपदेश नको म्हणून कवींनी तो सगळा प्रांतच सोडून दिला.

गदिमांचे बदकांच्या तळ्यातील कुरूप पिलाचे गीत या दृष्टीने पुन्हा ऐकावे. आशा भोसले यांच्या आवाजातील ते गीत ऐकून डोळे ओले न झालेला मराठी माणूस विरळा. हान्स अँडरसनच्या १८४३ सालच्या डॅनिश कथेचे इतके अस्सल मराठी रूप दुसरे झाले नसेल. पिलाला कोणी खेळायला घेत नाही, सारे हिणवतात आणि एके दिवशी पाण्यातील प्रतिबिंबात त्याला कळते की, आपण राजहंस आहोत. गीत संपते, टाळ्या पडतात. पण हिणवणाऱ्या बदकांचे काय झाले? त्यांनी काही म्हटले का? गीत त्याबद्दल बोलत नाही. मूळ कथेतही ती बदके क्षमा मागायला येत नाहीत. आणि पिलू राजहंस निघाले नसते तर? ते खरेच एक कुरूप बदक असते तर त्याला हिणवणे योग्य ठरले असते काय? गदिमांच्या गीतात हे नाही म्हणून ते उणे ठरत नाही. ते छळ झालेल्याचे गीत आहे आणि छळ झालेल्यासाठी ते पुरेसे आहे. प्रश्न आहे तो छळ करणाऱ्यांच्या गीताचा. वर्गात एक पिलू असते आणि बदके चाळीस असतात. गाताना मात्र चाळीसही जण स्वतःला राजहंस समजतात.

ही रिकामी जागा रिकामी राहिली नाही. तिथे ‘सॉरी’ येऊन बसले. बालवाडीच्या भिंतीवर आज ‘प्लीज’, ‘थँक्यू’ आणि ‘सॉरी’ हे जादूचे शब्द म्हणून रंगवलेले असतात आणि त्यांची बडबडगीतेही असतात. इंग्रजी शब्द आला म्हणून कपाळाला आठ्या घालण्याची गरज नाही. ‘माफी’ तरी कुठे आपली होती? आक्षेप आहे तो ‘जादू’ या शब्दाला. मंत्र म्हटला की गुहेचे दार उघडते, तसे ‘सॉरी’ म्हटले की प्रकरण मिटते, हे मूल तीन वर्षांचे असतानाच शिकते. ढकलायचे, ‘सॉरी’ म्हणायचे आणि पुन्हा ढकलायचे. समोरच्याने ‘इट्स ओके’ म्हणायचे असते, ही त्या पाठाची दुसरी बाजू. त्याला लागले असेल, ते अजून दुखत असेल, तरी म्हणायचे. क्षमा करण्यासाठी लागणारा वेळ त्याला कोणी देत नाही. मुक्ताईला भावाची ताटी उघडायला किती अभंग म्हणावे लागले, याचा विचार केला तर एका शब्दात मिटणाऱ्या भांडणांचा उथळपणा लक्षात येतो.

शाळांचीही या बाबतीत अडचण झाली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेवर आणि मानसिक छळावर बंदी आणली आणि १ एप्रिल २०१० पासून तो कायदा लागू झाला. छडी गेली हे चांगलेच झाले. पण छडीच्या जागी काय ठेवायचे, हे पुष्कळांना उमगले नाही. मग माफीनामा आला. ‘पुन्हा असे करणार नाही’ हे शंभर वेळा लिहून आणणे आले, त्याखाली पालकांची सही आली. शंभर वेळा लिहिलेल्या वाक्यात पहिल्या दोन ओळींनंतर पश्चात्ताप उरत नाही, फक्त हात दुखतो. क्षमायाचनेलाच शिक्षा करून टाकल्यावर मुलाला तिच्याविषयी प्रेम कसे वाटणार? मोठेपणी अशी माणसे ‘भावना दुखावल्या असल्यास’ अशा पोटवाक्याआडून दिलगिरी व्यक्त करतात, त्याचे मूळ या शंभर ओळींत नसेल असे खात्रीने सांगता येणार नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल. कविता म्हणजे संस्कारांचे औषध नव्हे. क्षमेची कविता मागणे म्हणजे तोच जुना खोडकर बाळू मागच्या दाराने परत आणणे, असे कोणी म्हणेल. आक्षेप बिनतोड नाही, पण विचार करण्याजोगा आहे. मागणीवरून लिहिलेली कविता बहुधा वाईटच असते. पण इथे अपेक्षा निष्कर्षाची नाही, अनुभवाची आहे. कवितेने मुलाला क्षमा मागायला सांगू नये. चष्मा फोडलेल्या मुलाच्या पांघरुणात तिने शिरावे, तिथला अंधार त्याच्याबरोबर पाहावा आणि सकाळ व्हायच्या आत बाहेर पडावे. तो मुलगा आजीजवळ गेला की नाही, हे सांगितले नाही तरी चालेल. दुसरा आक्षेप आजच्या काळातला आहे: कोवळ्या मनावर अपराधाचे ओझे कशाला? ओझे कविता टाकत नाही, ते आधीच तिथे असते. जे एकट्याने वाहावे लागते ते ओझे जड. कवितेत सापडले की आपल्यासारखे आणखी कोणी आहे, हे कळते.

मात्र सर्वांत अवघड कविता आहे ती मोठ्यांच्या क्षमायाचनेची. मुलांवर अन्याय सर्वाधिक कोण करते? राक्षस नव्हे, कावळाही नव्हे. दिवसभराचा त्रागा संध्याकाळी मुलावर काढणारे वडील, एकाचा राग दुसऱ्यावर काढणारी आई, सबंध वर्गादेखत चुकीच्या मुलाला उभे करणारे शिक्षक. हे सारे प्रेमळ असू शकतात, असतातही. रवींद्रनाथांनी १९०३ च्या ‘शिशु’ या काव्यसंग्रहात हा विषय हाताळला. शाईने माखलेल्या मुलाला लोक अस्वच्छ म्हणतात तेव्हा आई त्या लोकांनाच प्रश्न करते. आणि दुसऱ्या एका कवितेत ती म्हणते की, ज्याला प्रेम करता येते त्यालाच रागावण्याचा अधिकार. या कविता बंगालच्या असल्या तरी भाव आपल्या घरचाच आहे. पण त्याही पुढचे पाऊल टाकायला हवे. ज्याला रागावण्याचा अधिकार आहे, त्याला ‘माझे चुकले’ म्हणण्याचाही असावा. मराठी घरात वडील मुलाची क्षमा मागत नाहीत. ते दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी पेरू आणतात, डोक्यावरून हात फिरवतात, काही न बोलता सायकलवर पुढे बसवतात. मुलाला कळते. ही न बोललेली क्षमायाचना किती सुंदर आहे! आणि ती कवितेत आणणे किती सोपे! यशोदेच्या हातून गळून पडलेली काठी भागवतकारांनी टिपली, मग आपल्या कवींनी तो पेरू का टिपू नये?

मुलांचे स्वतःचे शास्त्र तर याहून पुढे गेलेले आहे. कट्टी आणि बट्टी या दोन संस्था कोणत्याही मोठ्या माणसाने स्थापन केलेल्या नाहीत. कट्टी बोटांनी होते, बट्टीही बोटांनीच होते. मधे साक्षीदार असतात, मध्यस्थ असतात, निरोपे असतात. कट्टीला मुदत असते आणि ती मोडायला कारण लागत नाही; एखादी चिंच पुरते. मुख्य म्हणजे, बट्टी होताना कोण चुकले याचा निकाल लागतोच असे नाही. संक्रांतीला तिळगूळ देऊन मोठी माणसे जे वर्षातून एकदा करतात, किंवा आपले जैन शेजारी संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून कळत-नकळत घडलेल्या दोषांसाठी सर्वांची, लहानांचीसुद्धा, क्षमा मागतात, तेच मुले मधल्या सुटीत करून मोकळी होतात. त्या मैदानावर कान देऊन उभा राहणारा कवी मिळाला तर त्याला विषय शोधत हिंडावे लागणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने नव्या अभ्यासक्रमाची अंमलबजावणी सुरू झाली आहे. इयत्तेमागून इयत्तेची पुस्तके नव्याने घडतील, कवितांची निवड होईल, निवडीवर वाद होतील. त्या निवडीत मोर असावा, भुते असावीत, पाऊस आणि आगगाडी असावी. त्यांच्याच शेजारी तिसरी-चौथीच्या पुस्तकात ताटीच्या अभंगांतील दोनतीन अभंग सोप्या अर्थासह असावेत आणि अर्थाच्या आधी, ती मुलगी कोणत्या वयाची होती, हे ठळक अक्षरांत छापावे. स्वाध्यायात ‘क्षमेचे महत्त्व पाच ओळींत लिहा’ हा प्रश्न मात्र कृपा करून नसावा. त्याऐवजी विचारावे की, तुमच्या घरी ताटी लावून कोण बसते, आणि ती उघडायला कोण जाते. उत्तरपत्रिका तपासताना गुरुजींना बहुधा आपलेच घर आठवेल.